मुन्नारला दोघंच जायचंय? आधी जेवणाचं ठरवा, मग धुक्याचं

आमच्या परभणीत धुकं म्हणजे हुरड्याच्या दिवसांत पहाटे ज्वारीवर पडतं तेवढंच, उन्हं वर आली की गायब. त्यामुळं लग्नानंतर काही वर्षांनी पहिल्यांदा दोघंच डोंगरात गेलो तेव्हा मला फक्त धुकं बघायचं होतं. धुकं दिसलं. पण त्या धुक्यात रात्रीचे साडेनऊ वाजलेले, दोघंही सकाळपासून चहा-बिस्किटावर, हॉटेलवाल्याला चिकन हलाल आहे का विचारलं तर तो नुसता मान हलवायला लागला, हो का नाही तेच कळेना, मिस्टर म्हणाले ऑम्लेट खा ना मग, मी म्हटलं त्या तव्यावर आत्ता काय भाजलंय ते बघा तरी. झालं. दोन दिवस आम्ही एकमेकांशी फक्त "किल्ली कुठंय" एवढंच बोललो.

मुन्नारला जायच्या आधी म्हणून मी ठरवलं की हा विषय घरी बसूनच संपवायचा. उपाशी पोटी कुणीच रोमँटिक नसतं. आता मैत्रिणी, नणंदा, शाळेतल्या मॅडम सगळ्या विचारतात कसं केलं, सगळ्यांना फोनवर सांगून घसा बसला म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

मुन्नारच कामून

चहाचे डोंगर तसे उटी-कुन्नूरलाही आहेत. पण केरळात मुसलमान वस्ती भरपूर, त्यामुळं कोचीपासून वर घाट लागेपर्यंत रस्त्यात मशिदी आणि हलाल जेवण दोन्ही सहज सापडतं. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, हे सगळं सपाटीवरचं आहे. डोंगरावर चढलं की चित्र बदलतं. मुन्नारच्या मळ्यांत बहुतेक तमिळ कामगार, आसपास ख्रिश्चन वस्ती, आणि टुरिस्ट सगळीकडचे, त्यामुळं तिथं एकाच किचनमध्ये चिकन, बीफ, पोर्क सगळं असू शकतं. "केरळ आहे, सगळं हलालच असणार" असं धरून चालू नका, आमच्या ओळखीतल्या दोन जोडप्यांनी तसंच धरलं होतं.

गाव इडुक्की जिल्ह्यात, साधारण दीड हजार मीटर उंचीवर. मुन्नार म्हणजे तीन नद्या, मुद्रपुळा, नल्लतण्णी आणि कुंडला या तिथं एकत्र येतात म्हणून.

कधी जायचं

जून ते ऑगस्ट नको. पाऊस रोमँटिक वाटतो पण तिथला पाऊस आपल्यासारखा "आला तर आला" नसतो. २०१८ च्या ऑगस्टमधला केरळचा पूर आठवत असेल, आणि २०२० च्या ऑगस्टमध्ये मुन्नारजवळ पेट्टीमुडीला मळा कामगारांच्या घरांच्या लाइनीवर रात्री दरड कोसळली, त्यात ७० माणसं गेली. आपण टँकरच्या गावची माणसं, पावसाला नाही म्हणायला जड जातं, तरी सांगते, नको.

फेब्रुवारी-मार्चमध्ये एराविकुलम नॅशनल पार्क बंद असतं, नीलगिरी ताहर म्हणजे तिथल्या रानबकऱ्यांची पिल्लं होतात म्हणून. रमजानसुद्धा बघून घ्या, तो दरवर्षी १०-११ दिवस अलीकडं सरकतो, आणि रोजे ठेवून फिरायला जाण्यात मजा नाही. दिवाळीची सुट्टी आणि ख्रिसमस ते न्यू इयर हे दोन काळ म्हणजे मुन्नारच्या एका रस्त्यावर अख्खा देश. उरतं काय, तर नोव्हेंबरची अखेर ते डिसेंबरचा पहिला पंधरवडा, आणि नंतर जानेवारी. जानेवारीत थंडी जास्त, काही रात्री पारा शून्याजवळ जातो. आम्ही डिसेंबरच्या सुरुवातीला गेलो. शुक्रवार आणि सोमवारची रजा, मधे शनिवार-रविवार, एवढ्यात बसतं.

पोरांचं काय, हा प्रश्न सगळ्यात आधी सोडवा. आमची दोन्ही अम्मीकडं ठेवली. नेताना सांगितलं की शाळेच्या ट्रेनिंगला चाललेय. मोठ्याला अजून तेच वाटतंय.

पोचायचं कसं

नांदेड, परभणी, लातूर, उदगीर या बाजूच्यांनी हैदराबादहून कोचीचं विमान धरावं. गुरुवारी रात्री ट्रॅव्हल्सनं निघायचं, पहाटे हैदराबाद, तिथून शमशाबाद एअरपोर्ट लांब आहे हे धरून दोन-तीन तास हाताशी ठेवून तिकीट काढायचं, दीड-पावणेदोन तासांत कोची. बीड, जालना, संभाजीनगरवाल्यांना पुणे सोयीचं. सोलापूरहून पुणे–कन्याकुमारी गाडी अलुव्याला जाते पण एका दिवसाहून जास्त प्रवास, लाँग वीकेंड रेल्वेतच संपतो.

कोची एअरपोर्ट ते मुन्नार साधारण ११० किलोमीटर. आपल्या हिशोबानं दोन तास. नाही! चार तास धरा. रस्ता पेरुंबावूर, कोतमंगलम, नेरियमंगलम, अदिमाली असा वर जातो, नेरियमंगलमचा पूल ओलांडला की घाट सुरू. आणि एक नियम, जो आम्ही कागदावर लिहून गाडीत ठेवला होता, की अंधार पडायच्या आत खोलीवर. डिसेंबरमध्ये तिथं साडेसहाला अंधार होतो, धुक्यात समोरची गाडी दिसत नाही, आणि त्या भागात रस्त्यावर रानहत्ती येतात, ही काही घाबरवायला सांगायची गोष्ट नाही, खरंच येतात. तुमचं विमान दुपारी दोननंतर उतरत असेल तर त्या रात्री खालीच अलुवा किंवा पेरुंबावूरला राहा, पहाटे फ्रेश निघा.

घाटात उलटी होणाऱ्यांनी गोळी घाट लागायच्या अर्धा तास आधी घ्यायची, घाट लागल्यावर नाही. मी मागच्या सीटवर बसून मोबाईल बघत होते, चीयप्पारा धबधब्यापाशी उतरून जे व्हायचं ते झालं. मिस्टरांनी बाटली धरली, पाठीवर हात फिरवला, आणि वर म्हणाले, बघ, किती रोमँटिक.

हॉटेल बुक करताना विचारायचे प्रश्न

इथंच खरं काम आहे म्हणून इथं जरा वेळ घेते. ॲपवर "हलाल फूड अवेलेबल" लिहिलेलं असतं त्यावर जाऊ नका, फोन करा, आणि रिसेप्शनशी नाही, शक्य असेल तर किचनमधल्या माणसाशी बोला. हिंदी चालते, किचनमध्ये बऱ्याच ठिकाणी बंगाल-आसामची पोरं असतात.

"हलाल है क्या" असं विचारलं की उत्तर कायम "हां जी" येतं. त्यापेक्षा असं विचारा की तुमच्याकडं पोर्क शिजतं का. हो म्हणाले तर पुढचं विचारा, त्याची कढई, तवा, तळायचं तेल वेगळं असतं का. मग विचारा मटन-चिकन कुठून येतं, दुकानदार कोण, का फ्रोझन पाकिटं येतात. मग नाश्त्याचा बफे असेल तर सॉसेज-बेकन ठेवतात का आणि चिमटे वेगळे असतात का. या चार प्रश्नांत तीन मिनिटं जातात आणि समोरचा किती मोकळेपणानं बोलतो यावरूनच अर्धं कळतं. एका रिसॉर्टवाल्यानं सरळ सांगितलं, मॅडम आमच्याकडं पोर्क होतं, एकच फ्रायर आहे, तुम्ही आमच्याकडं नॉनव्हेज नका खाऊ. मला तो माणूस इतका आवडला की जवळजवळ तिथंच बुक करणार होते.

शेवटी आम्ही मुन्नारपासून थोडं अलीकडं, चित्तिरपुरमच्या बाजूला, एका मुसलमान कुटुंबाचा होमस्टे घेतला. तीनच खोल्या, स्वयंपाक त्यांच्या घरचा. होमस्टेत एक तोटा, प्रायव्हसी कमी, आई-बाप असल्यासारखं "जेवलात का" विचारत राहतात. ज्यांना ते नको त्यांनी रिसॉर्ट घ्यावं आणि आत फक्त व्हेज आणि मासे खावेत, नॉनव्हेज बाहेर ठरलेल्या जागी. हासुद्धा चांगला प्लॅन आहे, त्यात कमीपणा काही नाही.

खोलीबद्दल विचारायचं ते वेगळं. बाल्कनी शेजारच्या बाल्कनीतून दिसते का? परदा करणाऱ्या बाईला हा प्रश्न महत्त्वाचा, नाहीतर व्ह्यूचे पैसे भरून पडदे ओढून बसायचं. गरम पाणी चोवीस तास का सकाळीच? पहाटे वुजूला, म्हणजे नमाजच्या आधी हातपाय-तोंड धुवायला, लागतं म्हणून विचारा. खाली डीजे-कॅम्पफायर होतो का? होत असेल तर रात्री अकरापर्यंत झोप विसरा. हनिमून पॅकेजमध्ये केक, बेडवर गुलाबाच्या पाकळ्या, कँडल लाइट डिनर असतं, त्यात वाइनची बाटली किंवा रम घातलेला प्लम केक असू शकतो, आधीच सांगून त्याऐवजी साधा केक आणि सुलेमानी चहा मागा. पाकळ्या मी नको म्हटलं. सकाळी त्या गोळा कोण करणार.

आणि कागदपत्रं. माझ्या आधारवर अजून माहेरचं आडनाव आहे, आपल्यात बऱ्याच जणींचं असतं, आणि काही रिसेप्शनवाले दोन वेगळी आडनावं बघून भुवया वर करतात. निकाहनाम्याचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा, वाद घालत उभं राहण्यापेक्षा दाखवून मोकळं व्हा.

शुक्रवार : खाली जेवा, मग वर चढा

सकाळी कोचीला उतरलात तर पेरुंबावूरला थांबा. तिथं मुसलमान वस्ती चांगली, मशिदी आणि बिर्याणीची हॉटेलं दोन्ही. प्रवासात पुरुषावर जुम्मा फर्ज नाही, जोहर, म्हणजे दुपारची रोजची नमाज, पढली तरी चालतं, पण मिळत असेल तर कशाला सोडायचा. फक्त वेळ बघा, तिकडं जुम्मा साडेबारा-एकच्या सुमारास उरकतो, आपल्याकडच्यासारखं दीड-दोनला गेलात तर लोक घरी जाऊन जेवत असतात. बायकांसाठी वेगळी खोली काही मशिदींत असते, काहींत नसते, गेल्या गेल्या विचारायचं. एक गंमत सांगते, मल्याळममध्ये "पळ्ळी" म्हणजे मशीद पण आणि चर्च पण. आम्ही पळ्ळी विचारत गेलो आणि चर्चच्या दारात उभे. म्हणून "जुमा मस्जिद" असंच विचारा.

जेवणात मलबारी बिर्याणी मागवा, तांदूळ बारीक आणि गोल असतो, कैमा म्हणतात, लांब बासमतीची सवय असलेल्यांना आधी खिचडीच वाटते. मसाला आपल्यापेक्षा सौम्य. मिस्टरांनी दोन घास खाल्ले आणि नान खलियाची आठवण काढली, ते कुठंही गेले तरी संभाजीनगरचा नान खलियाच आठवतात. मग पिशवीतनं शेंगदाण्याची चटणी काढली आणि गाडी रुळावर आली. चटणी, धपाटे, दशम्या एवढं घरून न्याच, पहिला दीड दिवस कुठंही अडत नाही.

खायच्या बाबतीत चार-पाच शब्द लिहून घ्या. कोळी म्हणजे चिकन, मीन म्हणजे मासा, चेम्मीन म्हणजे कोळंबी, ञंडु म्हणजे खेकडा, आणि पन्नी म्हणजे डुक्कर. शेवटचा सगळ्यात महत्त्वाचा. "टॉडी शॉप" म्हणजे ताडीचं दुकान, तिथली मच्छी करी लई भारी असते असं सगळे सांगतात, असू दे. बीफ उघड मिळतं, आपल्याकडच्या माणसाला बोर्ड वाचून दचकायला होतं. आणखी एक, तिकडचे मुसलमान बहुतेक शाफई पंथाचे, त्यांच्यात समुद्रातलं सगळंच चालतं. आपण हनफी पंथाचे, त्यामुळं हलाल हॉटेलातसुद्धा खेकडा आणि माकूल पुढं येईल तेव्हा आपलं आपण बघायचं. कोळंबीबद्दल आपल्याकडं दोन मतं आहेत, तुमच्या घरात जे चालतं ते.

नमाजच्या वेळांतही हाच फरक. तिथं असरची, म्हणजे दुपार कलल्यावरच्या नमाजची, अजान आपल्यापेक्षा बरीच लवकर होते, गोंधळून जाऊ नका, मोबाईलच्या ॲपमध्ये हनफी सेटिंग आहे का बघा. घरापासून साधारण ७८ किलोमीटरच्या पुढं गेलो आणि पंधरा दिवसांच्या आत परतायचं म्हणजे आपण मुसाफिर, जोहर, असर आणि रात्रीची इशा चार रकातींऐवजी दोन, पहाटेची फजर आणि संध्याकाळची मगरिब तशीच. स्थानिक इमामाच्या मागं उभे राहिलात तर मात्र पूर्ण. किबला, म्हणजे नमाजची दिशा, आपल्याकडं जवळजवळ सरळ पश्चिमेला, मुन्नारला तो बराच उत्तरेकडं सरकतो, पश्चिमेपासून वीस-बावीस अंश. "सूर्य मावळला तिकडं" करू नका, डिसेंबरात सूर्य उलट दक्षिणेकडं मावळतो. होकायंत्र वापरा.

संध्याकाळी पोचल्यावर काहीही बघायला जाऊ नका. बाल्कनीत बसा. सुलेमानी मागवा, कोरा चहा, त्यात लिंबू, वेलदोडा. समोर आधी डोंगर असतो, मग निम्मा असतो, मग नुसतं पांढरं, आणि कुठंतरी खालून कुत्र्याचा आवाज. आमचे मिस्टर ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टचं दुकान चालवतात, दिवसाला शंभर फोन. त्या दिवशी फोन सायलेंट करून उलटा ठेवला आणि पंधरा मिनिटं गप्प बसले. मला वाटलं तब्येत बिघडली.

शनिवार : कोलुक्कुमलै, जमत असेल तर

ही एकच गोष्ट धावपळीची आहे पण करा. कोलुक्कुमलैचा मळा दोन हजार मीटरच्या वर आहे, जगातल्या सगळ्यात उंच चहाच्या मळ्यांत त्याचं नाव घेतात. तसा तो तमिळनाडूत, पण जायचा रस्ता केरळच्या सूर्यनेल्लीतून, आणि शेवटचा टप्पा फक्त जीपनं. रस्ता म्हणजे दगड. कंबर-मणक्याचा त्रास असेल किंवा दिवस गेले असतील तर जाऊच नका, हे मी सिरियसली सांगते. जीप आदल्या दिवशी होमस्टेवाल्यालाच ठरवायला सांगा, जीपवाल्याला आधी सांगा की वर फजर पढायची आहे, दहा मिनिटं लागतील.

हिशोब असा बसतो की डिसेंबरच्या सुरुवातीला फजरची वेळ सव्वापाचच्या आत-बाहेर लागते आणि सूर्य साडेसहाच्या सुमारास. म्हणजे खोलीवर पढून निघालात तर उशीर होतो. गरम पाण्यानं वुजू करून साडेतीनला निघायचं आणि नमाज वर. चामड्याचे मोजे असतील तर मुसाफिराला तीन दिवस मसह, म्हणजे पाय न धुता मोज्यावरून ओला हात फिरवणं, चालतो, थंड पाण्यात पाय घालायचं वाचतं. सुती मोज्यांवर नाही हां.

वर पोचलो तेव्हा काळोख. जीपवाल्यानं टॉर्च धरली, मी एकच जानमाज नेली होती, ती मिस्टरांनी मला दिली आणि स्वतः शालीवर उभे राहिले. ते पुढं, मी मागं. त्यांची किरात नेहमी घाईत असते, दुकान उघडायचं असतं ना, त्या दिवशी सावकाश होती. सलाम फिरवला तेव्हा खाली ढग होते. वर नाही, खाली, पिंजलेला कापूस गंजी लावून ठेवावा तसे. मग त्या ढगांच्या कडेला आधी लाल रेघ आली. फोटो काढलेत भरपूर पण एकातही ते आलं नाही.

तिथली जुनी फॅक्टरी बघता आली तर बघा, तिथं ऑर्थोडॉक्स चहा होतो, म्हणजे पान वळवून, मळून. आपण घरी पितो तो सीटीसी, तो रोलरमध्ये चुरडून, फाडून, गोळी करून होतो, म्हणून लवकर रंग सोडतो. पानं आधी जाळीवर पसरून सुकवतात तेव्हा त्या खोलीत जो वास येतो तो चहाचा नाही, पहिल्या पावसानंतर कडबा भिजतो ना, तसा काहीसा.

आणि मळ्यात बायका पानं तोडत असतील तर विचारल्याशिवाय फोटो काढू नका. दोन पानं आणि एक कळी, बोटांनी, दिवसभर, पाठीवर पोतं. हल्ली कात्री पण वापरतात. २०१५ च्या सप्टेंबरात याच मुन्नारच्या बायकांनी बोनस १० टक्क्यांवर आणला म्हणून युनियनच्या पुढाऱ्यांनाही बाजूला सारून रस्ता अडवला आणि २० टक्के घेऊनच उठल्या, पेम्बिळै ओरुमै म्हणतात त्या एकजुटीला. मला तर आपली बीड-परळीकडची ऊसतोड आठवली. आपल्याकडं नवरा-बायकोच्या जोडीला मुकादम "एक कोयता" म्हणतो, दोघं मिळून एक. आम्ही दोघं रजा काढून धुकं बघायला आलेलो आणि समोर ही बाई थंडीत ओल्या झाडांत कमरेपर्यंत. थोडा वेळ गप्पच झालो.

परत येऊन झोपा. खरंच झोपा, दुपारी, दारं लावून. घरी आठ वर्षांत दुपारची झोप मिळाली असेल तर सांगा. असरनंतर वाटलं तर नल्लतण्णीच्या टी म्युझियमला जा, सोमवारी ते बंद असतं म्हणून शनिवार-रविवारातच बसवा.

रविवार : दोनपैकी एकच

सगळ्यात मोठी चूक इथं होते. ड्रायव्हर दहा पॉइंटची यादी देतो आणि आपण पैसे वसूल म्हणून दहाही करतो. एक रस्ता निवडा.

पहिला, एराविकुलम. तिकीट ऑनलाइन काढून सकाळच्या पहिल्या फेरीला जा, आत वनखात्याची बस नेते. रानबकऱ्या रस्त्याच्या कडेला निवांत चरत असतात, माणसाला भीत नाहीत. समोर अनामुडी, २,६९५ मीटर, दक्षिण भारतातलं सगळ्यात उंच शिखर. नीलकुरिंजीचं विचाराल तर ती बारा वर्षांनी एकदा फुलते, २०१८ ला फुलली, आता २०३०. मिस्टर म्हणाले तेव्हा मोठ्याची दहावी असेल. म्हणजे जमणार नाही.

दुसरा, मट्टुपेट्टी, कुंडला करत टॉप स्टेशन, साधारण ३२ किलोमीटर. टॉप स्टेशन नाव कारण पूर्वी इथपर्यंत चहाची छोटी रेल्वे यायची, इथून पेट्या दोरीच्या झुल्यावरून खाली तमिळनाडूत जायच्या. १९२४ च्या पुरात ती रेल्वे वाहून गेली ती गेलीच. दुपारी तिथं धुकं एवढं दाटतं की काही दिसत नाही, म्हणून दहाच्या आत पोचा. अर्थात दोघांना काहीच बघायचं नसेल तर दुपारीच जा.

आम्ही एराविकुलम केलं आणि दुपारनंतर मळ्यातल्या रस्त्यानं नुसतं चाललो. चहाची झाडं वरून गादीसारखी सपाट दिसतात, छाटत राहतात म्हणून, नाहीतर त्याचं चांगलं मोठं झाड होतं.

बाजारातून घरी बनवलेलं चॉकलेट घेताना लेबल वाचा, रम अँड रेझिन सगळ्यांत पुढं ठेवलेलं असतं, आणि सुटं घेत असाल तर एकाच ट्रेमध्ये सगळं मिसळलेलं असतं, म्हणून बंद पाकीटच. "होममेड ग्रेप वाइन" ज्यूस म्हणून पाजायला बघतात, ती वाइनच असते. मसाज करायचा असेल तर बाईला बाई, पुरुषाला पुरुष अशीच पद्धत आहे, तरी आधी विचारून घ्या.

सोमवार आणि पिशवी

विमानाच्या सात तास आधी मुन्नार सोडा. उतरताना घाटात वेळ कमी लागेल असं वाटतं, लागत नाही. जोहर आणि जेवण परत पेरुंबावूरला.

सोबत न्यायचं म्हणजे एक जाड स्वेटर, कानटोपी, दोन जानमाज (माझ्यासारखी एक नव्हे), स्टीलची बाटली, थोडी रोकड, आणि मॅप आधी डाउनलोड केलेला, मळ्यांत रेंज जाते. आमचा दोघांचा खर्च ४५ हजारांच्या आसपास गेला, त्यात निम्मा विमान आणि गाडीचा. शनिवारची जीप सोडली आणि गाडी दोनच दिवस ठेवली तर कमीत होईल.

वेलदोडा आणि मिरी घ्या, इडुक्कीचीच असते. मरयूरचा गूळ दिसला तर घ्या, गडद, हाताने वळलेले गोळे, आपल्या गुऱ्हाळावरच्या गुळापेक्षा वेगळा लागतो. आणि चहा घेताना घरी कोण पिणार ते डोक्यात ठेवा. मी हौसेनं कोलुक्कुमलैचा ऑर्थोडॉक्स घेतला, महाग, मोठी पानं. घरी आल्यावर अम्मांनी, म्हणजे सासूबाईंनी, त्यात आलं, चार चमचे साखर, म्हशीचं दूध घालून दहा मिनिटं उकळला, कपात ओतला, एक घोट घेतला आणि म्हणाल्या, इतक्या लांब गेला होता, रंग तरी बघून घ्यायचा. तेव्हा दुधाच्या चहासाठी सीटीसी डस्टच आणा, अर्धा किलो, आणि ऑर्थोडॉक्सचं शंभर ग्रॅमचं पाकीट कपाटात लपवून ठेवा, पोरं झोपल्यावर दोघांसाठी.